वाचकांचे प्रश्न : ग्राहक राज्यघटनेत कुठे बसतो?

ग्राहकहक्कांविषयी आलेल्या पत्रांपैकी ठाणे आणि नवी मुंबई येथील पाच पत्रे या वेळी निवडली आहेत. पत्रे थोडक्यात दिली आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा द्यावी लागली, कारण पुढच्या बहुतेक प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : मी नौपाड्यात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. नागरिकशास्त्र शिकवताना मुलांकडून मूलभूत हक्क पाठ करून घेण्यात अनेक वर्षे गेली, परंतु त्यांत ग्राहकाचा उल्लेख कधी आला नाही. स्पेन, ब्राझील अशा देशांनी ग्राहकाचे संरक्षण थेट राज्यघटनेत लिहिले आहे, असे नुकतेच एका व्याख्यानात ऐकले. आपल्या घटनेत ते का नाही? आणि ते नसेल, तर आपला ग्राहक कायदा ही उद्या काढून घेता येईल अशी सरकारी सवलतच समजायची का? प्रश्न सुचण्याचे कारण घरचेच आहे. हमीच्या मुदतीत चार वेळा बंद पडलेले वॉशिंग मशीन दुकानदार बदलून देत नाही. मूलभूत हक्काचा भंग झाला म्हणून उच्च न्यायालयात जाता येईल का?

उत्तर : बाई, तुम्ही एका पत्रात तीन प्रश्न विचारले आहेत आणि तिन्हींची उत्तरे वेगवेगळ्या दिशांना जातात.

आधी परदेशांचे पाहू. स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेतील अनुच्छेद ५१ ग्राहकांची सुरक्षितता, आरोग्य आणि रास्त आर्थिक हितसंबंध जपण्याची जबाबदारी शासनावर टाकतो. हे वाचताना भारावून जायला होते. परंतु हा अनुच्छेद मूलभूत हक्कांच्या प्रकरणात नसून सामाजिक व आर्थिक धोरणाच्या तत्त्वांमध्ये आहे, आणि या तत्त्वांवर न्यायालयात दाद मागायची असेल तर ती त्यांच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या कायद्यांनुसारच मागता येते, असे त्याच घटनेने पुढे सांगून ठेवले आहे. म्हणजे आपल्याकडील मार्गदर्शक तत्त्वांसारखीच ही व्यवस्था झाली. घटनेत हे वाक्य असतानाच १९८१ मध्ये तेथे औद्योगिक वापराचे रेपसीड तेल खाद्यतेल म्हणून विकले गेले आणि शेकडो माणसे दगावली. ग्राहक संरक्षणाचा सर्वसाधारण कायदा आला तो त्यानंतर, १९८४ मध्ये.

ब्राझीलने १९८८ च्या घटनेत ग्राहकाला अधिक मानाची जागा दिली. मूलभूत हक्कांच्या यादीत त्याचा समावेश केला, आर्थिक व्यवस्थेच्या तत्त्वांतही त्याला बसवले, आणि ग्राहक संहिता १२० दिवसांत तयार करावी, असा आदेशही संक्रमणकालीन तरतुदींत घातला. संहिता सप्टेंबर १९९० मध्ये आली. १२० दिवसांना जवळपास दोन वर्षे लागली, यावर आपल्या वाचकांना फारसे आश्चर्य वाटू नये. केनियाच्या २०१० च्या घटनेतील अनुच्छेद ४६ मला या सर्वांत नेमका वाटतो, कारण रास्त दर्जा, माहिती, सुरक्षितता आणि नुकसानभरपाई हे हक्क त्याने सांगितलेच, शिवाय माल किंवा सेवा देणारी संस्था सरकारी असो वा खासगी, दोघींनाही ते लागू केले. शेजारच्या नेपाळनेही २०१५ च्या घटनेत, अनुच्छेद ४४ मध्ये, दर्जेदार वस्तू व सेवा आणि हलक्या मालाबद्दल भरपाई हा ग्राहकाचा हक्क म्हणून नोंदवला आहे.

आपल्या घटनेत हे का आले नाही, याचे मोठे कारण काळ हेच आहे. संविधान सभेचे काम १९४६ ते १९४९ या काळात चालले. ग्राहक हा स्वतःचे हक्क असलेला वेगळा वर्ग आहे, ही भाषा तेव्हा राज्यघटनांच्या मसुद्यात रुळलेली नव्हती. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ग्राहकाचे चार हक्क काँग्रेसपुढे मांडले ते १५ मार्च १९६२ रोजी, आणि संयुक्त राष्ट्रांची ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक सूत्रे १९८५ ची आहेत. १९४९ मध्ये आपल्यापुढे टंचाई, शिधावाटप आणि काळाबाजार होता. त्यामुळे त्या पिढीने ग्राहकाचा विचार केला, पण तो ‘जनता’ या शब्दात.

तो कुठे आहे, हे शोधायला तुमच्यासारख्या शिक्षिकेला कठीण जाणार नाही. उद्देशिकेतील आर्थिक न्यायात तो आहे. साधनसंपत्तीची विभागणी सर्वांच्या हिताची व्हावी आणि संपत्ती मोजक्या हातांत एकवटू नये, असे सांगणाऱ्या अनुच्छेद ३९ मध्ये आहे. पोषणमान व सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानणाऱ्या अनुच्छेद ४७ मध्येही आहे. सातव्या अनुसूचीत वजनमापांची मानके केंद्राच्या सूचीत आणि अन्नपदार्थांतील भेसळ समवर्ती सूचीत घातली आहे, तिथेही तोच उभा आहे. ‘कन्झ्यूमर’ हा शब्द मात्र इंग्रजी पाठात मला सापडला तो अगदी अनपेक्षित जागी. अनुच्छेद २८७ मध्ये, केंद्र सरकारला आणि रेल्वेला विकलेल्या विजेवरील कराच्या संदर्भात, मोठ्या प्रमाणावर वीज घेणाऱ्या ‘इतर ग्राहकां’शी किमतीची तुलना केली आहे. ठाण्याहून रोज लोकलने लोंबकळत जाणारा प्रवासी या अनुच्छेदात नाही. त्याच्या गाडीला लागणारी वीज आहे!

आता दुसरा प्रश्न, सवलतीचा. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याच्या जागी २० जुलै २०२० पासून लागू झालेला २०१९ चा कायदा हे संसदेचे कायदे आहेत आणि संसद ते बदलू शकते, हे खरे आहे. तरीही ‘सवलत’ हा शब्द मला पटत नाही. अनुच्छेद ३७ नुसार मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयामार्फत बजावता येत नसली, तरी देशाच्या शासनव्यवहारात ती मूलभूत मानली आहेत, आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. ग्राहक कायदा हे त्या कर्तव्याचे एक रूप आहे. न्यायालयांनीही तो तसाच वाचला. ग्राहक मंच (आजचे ग्राहक आयोग) म्हणजे दिवाणी न्यायालयांना समांतर अशी घटनाबाह्य व्यवस्था आहे, हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कर्नाटकातील एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात फेटाळला. त्याआधी, नोव्हेंबर १९९३ मध्ये, लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने घरे बांधून देणारी सरकारी प्राधिकरणेही सेवा पुरवतात आणि ग्राहकाला उत्तरदायी असतात, असा निर्णय दिला, आणि अधिकाऱ्याच्या मनमानीमुळे द्यावी लागणारी भरपाई जनतेच्या पैशातून न जाता जबाबदार अधिकाऱ्याकडून वसूल व्हावी, इथपर्यंत मजल मारली. सामान्य माणसाला सत्तेपुढे उभे करण्याचे सामर्थ्य या निकालात आहे. माझ्या मते १९८६ च्या कायद्याला खरा घटनात्मक कणा या निकालाने दिला.

तिसरा प्रश्न वॉशिंग मशीनचा. येथे मात्र घटना बाजूला ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. मूलभूत हक्क मुख्यतः राज्याविरुद्ध असतात, आणि ‘राज्य’ कोणाला म्हणायचे ते अनुच्छेद १२ सांगतो. सरकारी मालकीच्या आयुर्विमा महामंडळाने एक मुदत विमा योजना सरकारी, निमसरकारी किंवा नामांकित कंपन्यांतील पगारदारांपुरतीच ठेवली, तेव्हा १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट अनुच्छेद १४ च्या विरोधात ठरवली. तेथे समोर ‘राज्य’ होते. तुमच्या भागातील दुकानदार राज्य नाही. त्याच्याविरुद्ध रिट याचिका केलीत, तर तुमच्यासाठी कायद्याने दुसरा दरवाजा उघडा ठेवलेला आहे, एवढेच उत्तर मिळण्याची शक्यता अधिक.

तो दरवाजा जिल्हा ग्राहक आयोगाचा. दुकानदाराच्या जोडीला उत्पादक कंपनीलाही प्रतिवादी करावे. प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी मिळालेली जॉबशीट, हमीपत्र आणि बिल जोडावे. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. २०१९ च्या कायद्याने केलेली सर्वांत मोलाची सुधारणा म्हणजे ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगातही आता तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीचे मुख्यालय कोठे आहे हे शोधत बसण्याचे कारण नाही. ठाणे जिल्ह्यासाठी ठाण्यातील आयोग आहे आणि नवी मुंबईच्या बाजूसाठी बेलापूरला कोकण भवनात अतिरिक्त आयोग आहे. खारघर, कामोठे येथील वाचकांनी मात्र लक्षात ठेवावे की ही उपनगरे नवी मुंबईची असली तरी जिल्हा रायगड आहे.

प्रश्न : ऐरोलीत भाड्याने राहतो. घोडबंदर रस्त्यावरील एका प्रकल्पात सदनिका घेतली असून आतापर्यंत ६२ लाख रुपये भरले आहेत. ताबा अडीच वर्षे लांबला आहे. हप्ता उशिरा भरल्यास माझ्याकडून १८ टक्के व्याज, आणि ताबा उशिरा दिल्यास बिल्डरकडून दरमहा चौरस फुटाला पाच रुपये, असे करारनाम्यात लिहिले आहे. मी सही केली आहे, त्यामुळे आता काही करता येत नाही, असे त्यांचे कार्यालय सांगते. घटनेतील समानतेचा हक्क इथे उपयोगी पडतो का?

उत्तर : थेट पडत नाही, पण आडवाटेने पडला आहे, आणि ती वाट समजून घेण्यासारखी आहे.

ज्याच्यापुढे ‘सही करा किंवा निघा’ एवढाच पर्याय असतो, त्याच्या सहीला किती किंमत द्यायची, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९८६ मध्ये एका सरकारी जलवाहतूक महामंडळाच्या नोकरीच्या कराराबाबत आला. दोन बाजूंच्या बळात मोठी तफावत असताना दुबळ्यावर लादलेली अन्याय्य अट न्यायालय मान्य करणार नाही, असे त्या वेळी अनुच्छेद १४ चा आधार घेऊन ठरले. तो खटला राज्यसंस्थेविरुद्ध होता आणि ग्राहकाचा नव्हता, परंतु विचार तेथे थांबला नाही. एप्रिल २०१९ मध्ये एका बांधकाम कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जवळपास तुमच्यासारखाच करारनामा तपासला. खरेदीदाराला १८ टक्के व्याज आणि बिल्डरला ९ टक्के, अशी त्यातील एक अट होती. अशा एकतर्फी अटी ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि त्या खरेदीदारावर बंधनकारक धरता येणार नाहीत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या नव्या ग्राहक कायद्यात ‘अनुचित करार’ ही संकल्पना प्रथमच व्याख्येसह आली. राज्यसंस्थेला लावलेली समानतेची कसोटी बाजारातल्या कराराला लागायला तेहतीस वर्षे गेली.

व्यवहाराचे बोलायचे, तर तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. एक महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा. स्थावर संपदा कायद्याप्रमाणे (‘रेरा’) दोन्ही बाजूंचा व्याजदर समानच असावा लागतो, आणि महाराष्ट्राच्या नियमांनुसार तो स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर दरापेक्षा (कर्जाच्या व्याजासाठी बँकेने ठरवलेल्या आधारदरापेक्षा) दोन टक्क्यांनी अधिक असतो. ताबा लांबल्यास प्रकल्पातून बाहेर पडून पैसे व्याजासह परत घेता येतात किंवा प्रकल्पात राहून दरमहा व्याज मागता येते. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. रेरा आल्यामुळे ग्राहक आयोगाचे दार बंद झालेले नाही, हे नोव्हेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्पष्ट झाले आहे. तुम्ही भरलेली रक्कम ५० लाखांच्या वर आणि दोन कोटींच्या आत असल्याने तुमची तक्रार जिल्हा आयोगाऐवजी मुंबईतील राज्य आयोगाकडे जाईल. अनुचित कराराचा मुद्दा ऐकण्याचा अधिकारही जिल्हा आयोगाला दिलेला नाही. मागितलेल्या भरपाईऐवजी दिलेल्या किमतीवरून आयोग ठरवणे हा भेदभाव आहे, असा आक्षेप अनुच्छेद १४ खाली घेण्यात आला होता. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही, त्यामुळे त्या वादात आता वेळ घालवू नये. एकाच मागणीसाठी दोन्हीकडे धावूही नये. मला विचाराल तर, राहायला घर हवेच असेल तर महारेरा. मनस्तापाची भरपाई आणि कराराच्या अटी रद्द करून घेणे महत्त्वाचे वाटत असेल तर राज्य आयोग.

प्रश्न : कळव्यात राहतो. रस्त्यातील खड्ड्यात दुचाकी जाऊन पाय मोडला. रस्ता नक्की कोणाच्या ताब्यात आहे, हे तीन कार्यालये फिरूनही कळलेले नाही. नियमित कर भरणारा नागरिक म्हणून मी ग्राहक ठरतो का?

उत्तर : नाही. ग्राहक ठरण्यासाठी विशिष्ट सेवेचा मोबदला दिलेला असावा लागतो. कर हा अशा सेवेचा मोबदला मानला जात नाही, तो सर्वांच्या कामांसाठी दिलेला वाटा असतो. शासकीय संस्थेने पैसे घेतले म्हणजे प्रत्येक वेळी ती सेवा होते, असेही नाही. परीक्षा घेणारे मंडळ शुल्क घेत असले तरी ते सेवा पुरवठादार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले आहे.

नौपाड्याच्या बाईंना मी घटना बाजूला ठेवायला सांगितले. तुम्हाला नेमके उलट सांगतो. तुमचा मार्ग ग्राहक कायद्याचा नसून घटनेचाच आहे. पैसे नाहीत ही सबब सांगून नगरपालिका गटारांची जबाबदारी टाळू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने रतलामच्या प्रकरणात १९८० मध्येच सांगितले. सुस्थितीतील रस्ते हा अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, ही मुंबई उच्च न्यायालयाची भूमिका आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये आणि दुखापत झाल्यास तिच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. दाव्यांसाठी समित्या नेमण्यास सांगितले असून त्यांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा सहभाग ठेवला आहे. म्हणून पहिला अर्ज ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्या. रुग्णालयाची कागदपत्रे, पोलीस नोंद आणि खड्ड्याची तारखेसह छायाचित्रे जोडा. रस्ता कोणाचा, हे ठरवणे त्यांचे काम आहे, तुमचे नव्हे.

प्रश्न : कोपरखैरणे येथे मी मिरची-मसाल्याचे कांडप चालवते. घेतलेले यंत्र दोन महिन्यांत बिघडले. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक नसतो, असे विक्रेता म्हणतो. मोठ्या घरातल्या मिक्सरला संरक्षण आणि माझ्या पोटापाण्याच्या यंत्राला नाही, ही कोणती समानता? मदतीला जाऊबाई असतात, आणखी कोणी नाही.

उत्तर : तुमचा संताप योग्य आहे, विक्रेत्याचे म्हणणे अर्धवट आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तू कायद्याने वगळल्या आहेत, परंतु स्वयंरोजगारातून स्वतःचा चरितार्थ चालवण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये याचा खुलासा करताना स्वतः चालवण्यासाठी रिक्षा घेणाऱ्याचे आणि स्वतः काम करण्यासाठी लेथ यंत्र घेणाऱ्याचे उदाहरण दिले होते, आणि एकदोन माणसांची मदत घेतल्याने तो ग्राहकपण गमावत नाही, असेही म्हटले होते. जाऊबाईंची अडचण त्यामुळे येत नाही. तक्रारीत मात्र ‘या कांडपावर माझा चरितार्थ चालतो आणि यंत्र मी स्वतः चालवते’ हे वाक्य न विसरता लिहा. ते नसल्यामुळे पहिल्याच तारखेला तक्रार अडते. तुमच्यासाठी कोकण भवनातील आयोग जवळचा आहे.

प्रश्न : वाशीतील एका उपाहारगृहात छापील किंमत २० रुपये असलेल्या पाण्याच्या बाटलीचे ६० रुपये घेतले, वर दहा टक्के सेवा आकारही लावला. हे बेकायदा नाही का?

उत्तर : पहिले नाही, दुसरे आहे. उपाहारगृहात बसून घेतलेली बाटली ही नुसती विक्री नसून बसण्याची जागा, वाढप आणि वातावरण यांसह दिलेली सेवा असते, म्हणून छापील किमतीचे बंधन तेथे लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेलचालकांच्या संघटनेच्या प्रकरणात ठरवले. हा निकाल मला स्वतःला आवडलेला नाही, पण तो आहे. तीच बाटली दुकानात किंवा फलाटावरील स्टॉलवर घेतली असती, तर २० रुपयांवर एक पैसाही जास्त घेता आला नसता.

सेवा आकाराचे तसे नाही. तो सक्तीने बिलात घालू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली. व्यवसाय स्वातंत्र्याच्या हक्कावर हे आक्रमण आहे, असे म्हणून हॉटेलचालक दिल्ली उच्च न्यायालयात गेले. पण अनुच्छेद १९ ने दिलेले ते स्वातंत्र्य जनहितार्थ वाजवी निर्बंधांच्या अधीन आहे, आणि मार्च २०२५ मध्ये एकल न्यायाधीशांनी ग्राहकांच्या बाजूने निकाल देऊन त्या सूचना कायम ठेवल्या. तेव्हा बिल हातात आल्यावर सेवा आकार वगळून मागा, नकार दिल्यास बिलाचे छायाचित्र घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.